ऐतिहासिक कादंबरीवर गटाने पटवून देणारे सादरीकरण करायला मुलांना कसे शिकवावे?

प्रथम कथानक सांगण्याची सवय मोडावी आणि ‘ही कादंबरी सेनापतीपेक्षा सामान्य सैनिकाला अधिक न्याय देते’ असे, ज्याच्याशी कोणी असहमत होऊ शकेल, एकच विधान गटाला निवडायला सांगावे. प्रकरणांनुसार वाटणी केली की प्रत्येक जण आपला सारांश वाचून मोकळा होतो. त्याऐवजी एकाने कादंबरीतील उतारा दाखवावा, दुसऱ्याने त्या काळातील पत्र किंवा दैनंदिनी शेजारी ठेवून लेखकाने कल्पनेने काय भरले ते सांगावे, तर तिसऱ्याने विरुद्ध मत मांडून त्याला उत्तर द्यावे. यांतील दुसरे काम सर्वांत अवघड असल्याने (मुले नेमके तेच टाळतात) शिक्षकाने अधिक वेळ तिथेच द्यावा. स्लाइड्स नंतर करता येतात. सरावात श्रोत्यांनी मध्येच कोणालाही प्रश्न विचारावा, म्हणजे संपूर्ण मांडणी प्रत्येकाला समजून घ्यावी लागते.