कॅप्सूल की इंजेक्शन? आधी कॅप्सूल कशाबरोबर घेता ते सांगा

तुम्ही हडपसरचे, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या कॅप्सूल चालू, तरी रिपोर्ट जागचा हलत नाही, म्हणून इंजेक्शनवर जावं का, असं विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण यातून गेलोय.

ही कॅप्सूल, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचाच अंडेकॅनोएट हा प्रकार, तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबरच नीट शोषली जाते. मग ती लसिकावाहिन्यांतून रक्तात जाते आणि यकृताला बगल देते. चहा-खारीवर घेतली तर बरीचशी वाया. मला एका चकचकीत क्लिनिकने थायरॉइडच्या गोळीसारखं 'सकाळी उपाशीपोटी' लिहून दिलं होतं! रिपोर्ट कमी आला की डोस वाढव, पुन्हा तपासणी, तीही त्यांच्याच लॅबला. काउंटरवर विचारलं की एकच उत्तर, "सर, चिठ्ठीत आहे तसंच घ्या." डॉक्टर भेटणार नवीन पॅकेज घेणाऱ्यालाच. पैसे गेले ते गेलेच, वर महिनोन्‌महिने अंगात त्राण नाही. शेवटी दुसरीकडच्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) बाईंनी ती चिठ्ठी बघून कपाळाला हात लावला. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, रात्री वरण-भातावर सढळ तूप, आणि कॅप्सूल त्याच्यासोबत. उपवासाला साबुदाण्याची खिचडीही चालते.

आणखी एक. निदानाची तपासणी सकाळी उपाशीपोटी असते, पण कॅप्सूल चालू असताना रक्त डोसनंतर तीन ते पाच तासांनी द्यायचं. नाहीतर आकडा फसवतो.

हे सगळं जमवूनही फरक नसेल, किंवा दिवसातून दोनदा जेवणाची वेळ सांभाळणं नोकरीत जमत नसेल, तर खुशाल इंजेक्शन. एनॅन्थेट या प्रकाराचं दोन-तीन आठवड्यांनी असतं, पण पहिले दिवस जोशात आणि शेवटचे चिडचिडीत जातात, निदान माझे तरी जात. १००० मिलिग्रॅमचं डेपो, म्हणजे हळूहळू रक्तात उतरणारं इंजेक्शन, मला जास्त पटलं: दुसरं सहा आठवड्यांनी, पुढे १० ते १४ आठवड्यांनी. ४ मिली एरंडेल तेलातलं औषध, कुल्ल्यात सावकाश द्यावं लागतं. नंतर अर्धा तास तिथेच बसवतात, क्वचित खोकला-धाप लागू शकते म्हणून. कोपऱ्यावरच्या कंपाउंडरकडून घेऊ नका. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेलं तर उपचार थांबवतात, इंजेक्शनवर ते जास्त चढतं.

मूल हवं असेल तर दोन्ही नको, शुक्राणू घटतात. हे आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, ते आपणहून विचारतीलच असं नाही.