घरी सेविचे (कच्च्या माशाचा पेरू देशातला पदार्थ) करताना लिंबाच्या रसात मासा खरंच शिजतो का?

दिसायला शिजतो, पण सुरक्षित होत नाही. आंबटपणामुळे माशातली प्रथिनं घट्ट होतात, तुकडे पांढरे दिसतात. ॲनिसाकिससारखे परजीवी मात्र त्यात जिवंत राहू शकतात. म्हणून हा पदार्थ करायचा तर समुद्री मासा आधी उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस गोठवलेला हवा. घरचे बरेच फ्रीझर इतके थंड होत नाहीत, त्यामुळे कच्चा खाण्यासाठी गोठवलेला मासाच मागून घ्या. (गोठवून जिवाणू मरत नाहीत, तेव्हा ताजेपणात तडजोड नको.) मीठ, कांदा, मिरची, लिंबू घालून 10-15 मिनिटं पुरे, जास्त ठेवलात तर मासा चिवट होतो. गरोदर बायका आणि लहान मुलांना मात्र हे देऊच नका.