चार महिन्यांचे पायथन सोडून जावा धरावी का?

तुम्ही विचारले आहे की, विंडोज लॅपटॉपवर चार महिने पायथन शिकल्यावर आता एक मित्र लिनक्स घ्या म्हणतो, दुसरा जावा शिका म्हणतो, तर बदलत जावे की एकालाच धरून राहावे. माझ्या मते विंडोज-लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम खुशाल बदला, पण एखादे काम पुरे झाल्याशिवाय पायथन-जावासारखी प्रोग्रामिंगची भाषा सोडू नका.

मी हिंगणघाट भागातल्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या) वजनकाट्यांसाठी पावतीचे प्रोग्राम लिहितो. आधी सारे व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत होते. मायक्रोसॉफ्टचा त्याला असलेला आधार २०१५ मध्ये संपला, तरी जुने प्रोग्राम चालत होते, म्हणून मी हललो नाही. त्या हट्टाची किंमत पुढे मोजावी लागली. शेतकऱ्यांची नावे मी जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठवली होती. पडद्यावर मराठी दिसे, फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, आणताना ऱ्हस्व वेलांटीने छळले, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टंकली जाते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे. कापसाची आवक थांबल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंतचा सारा काळ मी ‘विठ्ठल’ आणि ‘वर्मा’ सरळ करण्यात घालवला.

त्या मानाने विंडोजवरून लिनक्सवर जाणे दोन संध्याकाळचे काम ठरले. काट्याचे वजन सिरियल पोर्टमधून, म्हणजे काट्याची केबल जोडायच्या जागेतून, संगणकात येते. विंडोजमध्ये त्या पोर्टचे नाव ‘कॉम-३’ असे काहीसे असते, लिनक्समध्ये निराळे, आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर तो पोर्ट वाचायला वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालावे लागते. हे न कळल्याने पहिल्या संध्याकाळी मी केबलच बदलत बसलो होतो. पायथनमध्ये लिहिलेला बाकीचा प्रोग्राम जसाच्या तसा चालला, फक्त फाइलींच्या नावांतली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे लिनक्स वेगळी मानतो, तेवढे तपासावे लागले.

भाषेचे तसे नाही. जावात गेल्यावर लूप आणि अटी ओळखीच्या वाटतील, पण चुकांचे संदेश वाचण्याची सवय, लायब्ररींची ओळख आणि कुठे काय फसते याचा अंदाज नव्याने कमवावा लागेल, आणि चार महिन्यांत तो अंदाज पायथनमध्येही पुरता आलेला नसतो. तुम्हाला अँड्रॉइडचे ॲपच करायचे असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा जावा किंवा कोटलिन ही भाषा आताच घ्या.

नाहीतर घरच्या कापूस-तुरीचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्राम पायथनमध्येच लिहा आणि तो एक हंगाम घरच्यांना वापरू द्या. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, त्यासाठी विंडोज पुसण्याची गरज नाही. लिनक्सची फाइल काही जीबींची असते, म्हणून गावातल्या मोबाइल डेटावर उतरवण्यापेक्षा तालुक्याला कुणाकडे वायफाय असेल तिथून आणा.