संगणक रात्री बंद करावा की चालूच ठेवावा?

रोज बंद-चालू केल्याने डेस्कटॉप लवकर बिघडतो, म्हणून तो चोवीस तास चालूच ठेवावा, असे आपल्या मित्राचे म्हणणे आहे आणि ते खरे आहे का, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात घरांतील आणि यंत्रमाग कारखान्यांतील संगणकांच्या देखभालीचे काम करतो. माझे मत असे आहे की, रात्री संगणक रीतसर बंद करावा आणि दिवसा थोड्या वेळासाठी उठायचे असेल तर तो स्लीपवर, म्हणजे काम उघडे ठेवून अगदी कमी विजेवर, ठेवावा.

मित्राच्या म्हणण्याला एके काळी आधार होता. 1980च्या दशकातील अनेक हार्ड डिस्कमध्ये संगणक बंद करण्यापूर्वी वेगळी आज्ञा देऊन हेड (माहिती वाचणारा-लिहिणारा भाग) सुरक्षित जागी न्यावे लागत असे. आता हे काम डिस्क स्वतःच करते. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कसाठी 50,000 वेळा बंद-चालू होण्याची क्षमता उत्पादक सर्रास नमूद करत आले आहेत; म्हणजे रोज दहा वेळा बंद केली तरी तेरा वर्षे निघतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, तर फिरणारा भागच नसतो.

खरे नुकसान उष्णतेने होते. पॉवर सप्लायमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (विजेचा भार साठवणाऱ्या भागाचे) तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे गेल्यावर बंद खोली रात्रीसुद्धा लवकर निवत नाही. त्यात शहराच्या पूर्व भागात, जिथे घराशेजारीच चादरी आणि टॉवेल विणले जातात, तिथे हवेत सुताचे बारीक तंतू सतत तरंगत असतात. पंखा फिरत असेपर्यंत ते आत ओढले जातात, हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये दाट थर धरतात आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर पडू देत नाहीत. अशा घरांतील संगणक दर दोन-तीन महिन्यांनी उघडून साफ करावा, असा माझा आग्रह असतो.

दुसरी काळजी विजेची. वळवाच्या पावसात लाइट जाते आणि परत येताना कधी कधी दाब एकदम वाढतो. त्या वेळी घरातले सगळे झोपलेले असतील, तर साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तग धरतो आणि मग चालू संगणक धाडकन बंद पडतो. डिस्कवर काही लिहिले जात असताना असे झाले, तर फायली खराब होण्याचा धोका असतो. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग आणि नेटची तांब्याची केबल, दोन्ही काढून ठेवावीत.

बिलाचा हिशेब सोपा आहे. मॉनिटर बंद असतानाही नुसता चालू असलेला डेस्कटॉप साधारण 60 वॅट घेतो असे धरले, तर रोजच्या चौदा रिकाम्या तासांचे महिन्याला सुमारे 25 युनिट होतात. स्लीपमध्ये हा खर्च काही वॅटवर येतो. मात्र स्लीपमध्ये उघडे काम रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, असते आणि लाइट गेल्यास ते नाहीसे होऊ शकते, म्हणून आधी सेव्ह करावे किंवा उघडे काम डिस्कवर साठवून संगणक बंद करणारे हायबरनेट वापरावे.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. 2012 सालच्या विंडोज 8पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन केल्यावरही सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उघडला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सिस्टिम पूर्ण नव्याने सुरू होते, म्हणून संगणक मंदावला असेल, तर शट डाउनऐवजी रीस्टार्ट करावे. आठवड्यातून एकदा तरी ते करावेच.

सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग किंवा रात्रीचा बॅकअप याच संगणकावर होत असेल, तर तो चालू ठेवणे भागच आहे. तेव्हा चांगला यूपीएस घ्यावा आणि मॉनिटर बंद ठेवावा. इतरांनी संगणक पूर्ण बंद झाल्यावरच भिंतीवरचे बटण बंद करावे. तसे केल्याने मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल थोडा लवकर संपतो आणि काही वर्षांनी तारीख-वेळ चुकू लागते. त्या वेळी सीआर2032 हा स्वस्तातला सेल बदलला की काम होते.