ओल्या वाळूत कोकलणारा डिटेक्टर

प्रश्न: नमस्कार दादा, मी सिंहगड रोडला राहतो. वर्षातून दोन-तीनदा तरी आमचं दापोलीकडे जाणं होतं, मागच्या दिवाळीत मेव्हण्याची साखरपुड्याची अंगठी मुरुडच्या किनाऱ्यावर पडली ती गेलीच. शिवाय सासवडजवळ वडिलांची दोन एकर जमीन आहे, तिथे तुटलेले फाळ, जुन्या पाइपलाइनचे वॉल्व्ह असं बरंच काय काय मातीत गेलंय. तर बीचवर आणि शेतात, दोन्हीकडे चालेल असा एकच मेटल डिटेक्टर घ्यायचाय, बजेट फार नाही. ऑनलाइन एक स्वस्तातला बघितला, त्यावर 'तीन मीटर खोल' लिहिलंय. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ! तीन मीटर आधी डोक्यातून काढा. दहा इंची कॉइलच्या (म्हणजे दांड्याखालची तबकडी) साध्या मशीनला रुपयाएवढी वस्तू वीतभर खोल सापडली तरी भरून पावलं, हंडा-कळशीएवढं काही असेल तर अजून थोडं खाली. आणि ते हातात अँटेना धरून लांबूनच सोनं दाखवणारं यंत्र विकतात ना, ते तर सरळ चुना लावणं आहे.

खोलीचं सोडा, तुमची खरी अडचण मिठाची आहे. माझंच सांगतो. पहिला डिटेक्टर मी असाच स्वस्त बघून घेतला, गुहागरला कोरड्या वाळूत एकदम झकास चालला, आणि लाटांची ओल होती तिथे गेलो तसा जो कोकलायला लागला तो थांबेचना, कॉइल जरा हलवली की टूं टूं टूं, दोन तास खड्डे खणले आणि हाती काय तर बाटलीची तीन बुचं. भाचरं मागून विचारतायत, मामा किती किलो झालं?

मशीन बिघडलं नव्हतं. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जातं, खाली धातू असला की त्यात प्रवाह सुरू होतो आणि मशीनला तो कळतो. पण खारं पाणीपण वीज वाहून नेतं, म्हणजे ओली वाळू त्याला अख्खी धातूसारखीच वाटते. वर पंचाईत अशी की मिठाचा सिग्नल नेमका तिथेच पडतो जिथे बारीक सोन्याचा पडतो, मीठ गप्प केलं की नाजूक चेनपण गप्प. त्यात कोकणात वाळूवर काळे पट्टे दिसतात, इल्मेनाइट-मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचे, ते अजून वैताग देतात.

म्हणून एका वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं, मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन घ्या. कमी बजेटात माझं मत मायनलॅब कंपनीच्या व्हँक्विश ४४० ला. त्याच्या खालचं ३४० अजून स्वस्त पडतं पण त्यात पिनपॉइंट नाही, आणि वस्तू नेमकी कुठे आहे ते न कळता वाळू उपसत बसणं म्हणजे काय ते एकदा केल्यावरच कळतं. ४४० साध्या चार डबल-ए सेलवर चालतं. कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही, त्यामुळे गुडघाभर पाण्यात हिरोगिरी नको. नोक्ता कंपनीचं सिम्प्लेक्स प्लस तीन मीटर पाण्यात चालतं म्हणून लोक भुलतात, चांगलंच आहे ते, पण एकाच १२ किलोहर्ट्झवर चालतं. शेतातच जास्त फिरणार असाल तर ते घ्या. पल्स इंडक्शन नावाचा प्रकार मिठाला अजिबात दाद देत नाही, पण त्याला लोखंड आणि सोनं यातला फरक फारसा कळत नाही, प्रत्येक आवाजाला खणायचं, आणि सासवडच्या शेतात प्रत्येक आवाज म्हणजे खिळा.

सासवडचा दगड काळा बसाल्ट, त्यातपण मॅग्नेटाइट असतंच, म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल दाबणं, महत्त्वाचा. व्हँक्विश ते आपलं आपण करतं, सिम्प्लेक्सला कॉइल जमिनीवर खालीवर करून जुळवून घ्यावं लागतं.

आणि एक, वस्तू सापडली की मशीन पडद्यावर तिचा एक आकडा दाखवतं, परदेशी व्हिडिओतले ते आकडे पाठ करू नका. आपली हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटतात, मशीन त्यांना लोखंड समजू शकतं. सोन्याची अंगठी आणि औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीचा चंदेरी कागद जवळजवळ सारखेच वाजतात, म्हणजे कचरा नको म्हणून तो आकडा बंद केलात की अंगठीपण बंद! आधी घरच्या वस्तूंवर सराव करा, पण फ्लॅटमध्ये नको, स्लॅबभर सळया असतात. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली बंदुकीची गोळी शोधायला असंच यंत्र लावलं होतं, तेव्हा गादीतल्या स्प्रिंगांनी घोळ घातला म्हणतात. बागेत कुंडीत अंगठी पुरा, आणि दोरा बांधून पुरा, नाहीतर वहिनींना काय सांगणार.

किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला जा, पाणी लांबपर्यंत हटतं. सोबत प्लास्टिकची चाळण ठेवा, उपसलेली वाळू त्यात घेऊन कॉइलसमोर धरली तर चाळण स्वतः वाजत नाही. घरी आलात की कॉइलचं कव्हर काढून गोड्या पाण्याने धुवा, आत वाळू अडकते.

प्रश्न: सर, आम्ही कॉलेजचे चौघं ट्रेकला जातो, गडावर डिटेक्टर नेला तर चालेल का?

उत्तर: नाही. शिवनेरी, लोहगड, राजगड तर २०२५ पासून जागतिक वारशात आहेत, आणि संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने चालत नाही. वरच्या सासवडकरांनीपण ऐकून ठेवा, स्वतःच्या शेतात पुरलेलं धन लागलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. कायदा १८७८ चा आहे, दहा रुपये तेव्हाचेच.