बडोद्याचा मिक्सर न्यू जर्सीत चालेल का?

आई सहा महिन्यांसाठी लेकीकडे न्यू जर्सीला चालल्यात, रावपुऱ्यातून घेतलेला ७५० वॅटचा मिक्सर बरोबर न्यायचा म्हणतात, तर पिनांचा अडॅप्टर घेतला की भागेल का, असा तुमचा प्रश्न आहे. नाही भागणार. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

आपल्याकडे २३० व्होल्ट, तिथे १२०. मिक्सर लावताक्षणी जळणार नाही, पण रडतखडत फिरेल. साखर कदाचित बारीक होईल. भिजवलेली उडदाची डाळ घातली की पातं अडकेल, आणि बटण चालू ठेवून अडकलेली मोटर तापते. तो वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, म्हणजे १२० चे २३० व्होल्ट करणारा, लावला तर चालतो. पण सुरू होताना मोटर जास्त करंट खेचते, म्हणून निदान १५०० वॅटचा घ्यावा लागतो, आणि ते धूड कित्येक किलोंचं असतं. हलका, स्वस्त कन्व्हर्टर मिळतो तो केस वाळवण्याच्या ड्रायरसारख्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंसाठी. त्यावर मिक्सर लावू नका. त्यापेक्षा तिथल्या भारतीय दुकानांत आपल्यासारखाच मिक्सर तिथल्या व्होल्टेजवर चालणारा मिळतो, तो घ्यावा. इस्त्रीही घरीच ठेवा: १००० वॅटची इस्त्री तिथे जेमतेम २७० वॅटची होते.

मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर अडॅप्टर पुरे. इथलाच एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर एकाच अडॅप्टरवर सगळे चार्जर लागतात. त्यावर फक्त चार्जरच लावायचे.

आईंना खरी उणीव भासेल ती सॉकेटशेजारच्या बटणांची. आपण बटण बंद करून मग पिन उपसतो. तिथे सॉकेटला बहुधा बटणच नसतं, म्हणून आधी वस्तू बंद करायची, मग पिन काढायची. दिव्याचं बटणही उलटं, वर केलं की चालू. स्वयंपाकघरातल्या नि बाथरूमच्या सॉकेटवर ‘टेस्ट’ नि ‘रिसेट’ अशी दोन बारकी बटणं दिसतील; करंट गळला तर शॉक लागू नये म्हणून ते सॉकेट आपोआप बंद होतं. सॉकेट अचानक मेलं तर वस्तूची पिन काढून ‘रिसेट’ दाबायचं. पुन्हा उडालं तर दोष त्या वस्तूत असू शकतो.

आणि परतताना तिथला १२० व्होल्टचा राइस कुकर आणायचा मोह टाळा. इथे तो जवळजवळ चौपट वॅट खेचेल, आणि भात शिजायच्या आत कुकरच जाईल.