मेलिंग लिस्ट हलवायची आहे, पण नेमकी कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या ओपन सोर्स प्रोजेक्टची मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्या मेंबरांना जातो ती) खूप वर्षांपासून एका कॉलेजच्या सर्व्हरवर मेलमन २ या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतेय. आता त्यांनी कळवलंय की तीन महिन्यांत सर्व्हर बंद होणार. आठशेच्या आसपास मेंबर आहेत. नवीन होस्ट कुठला घ्यावा?

होस्टचं नंतर बघू. आधी डेटा हातात घ्या, आणि तोही याच आठवड्यात, कारण तीन महिने म्हणतात तेव्हा सर्व्हर सांभाळणारा माणूस दोन महिन्यांतच दुसरीकडे गेलेला असतो. याहू ग्रुप्सचं, म्हणजे याहूच्या फुकट लिस्ट सेवेचं, काय झालं ते आठवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलं की जुनं सगळं डिसेंबरात काढून टाकणार, लोकांची कॉपी काढायला धावपळ झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये ग्रुप्सच बंद झाले. ज्या ग्रुपच्या मालकांनी लक्ष दिलं नाही त्यांच्या वर्षानुवर्षांच्या चर्चा गेल्या.

तुम्हाला तीन गोष्टी मागायच्यात. एक, लिस्टची एमबॉक्स फाइल, म्हणजे आजवर आलेले सगळे मेल जसेच्या तसे एका फाइलमध्ये. दोन, कॉन्फिग डॉट पीसीके नावाची फाइल, त्यात मेंबर, कोण डायजेस्टवर (अनेक मेल एकत्र करून एकच मेल) आहे, कोणी मेल थांबवून ठेवलेत, मॉडरेटर कोण, असं सगळं असतं (मेंबरांचे पासवर्डही साध्या अक्षरात असतात, त्यामुळे ही फाइल ग्रुपवर टाकून फिरवू नका). तीन, वेबवर दिसणाऱ्या अर्काइव्हची (जुन्या मेलच्या साठ्याची) एचटीएमएल पानं फोल्डरसकट. हे तिसरं लोक सोडून देतात आणि मग पस्तावतात, कारण त्या पानांना नुसते क्रमांक असतात, एमबॉक्सवरून अर्काइव्ह परत बनवलं की क्रमांक सरकू शकतात आणि जुन्या बग रिपोर्टमधल्या लिंका भलत्याच मेलवर जातात. पानं आहेत तशीच नवीन जागी ठेवा, आणि कॉलेजला विनंती करा की जमेल तितके दिवस जुन्या पत्त्यावरून रीडायरेक्ट (आपोआप नवीन पत्त्यावर पाठवणं) चालू ठेवा.

एमबॉक्स मिळाली की लगेच तपासा. त्या फॉरमॅटमध्ये इंग्रजीत ‘फ्रॉम’ आणि पुढे स्पेस अशी ओळ आली की तिथून नवीन मेल सुरू झाला असं धरतात. आता कोणी मेलच्या मजकुरातच एखादं वाक्य त्या शब्दाने सुरू केलं असेल आणि जुन्या सॉफ्टवेअरने त्याच्यापुढे खूण केली नसेल, तर इम्पोर्ट करताना एका मेलचे दोन तुकडे होतात, दुसऱ्या तुकड्याला ना तारीख ना पाठवणाऱ्याचं नाव. मेलमन २ सोबत क्लीनआर्च नावाची छोटी स्क्रिप्ट येते, ती अशा ओळी शोधून देते. आधी ती चालवा, मगच इम्पोर्ट.

आणि लिस्टवर मराठी भाषांतराची चर्चा होत असेल तर हेही बघा, मेलमन २ च्या वेब पानांवर देवनागरीच्या जागी बऱ्याचदा नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. घाबरू नका, एमबॉक्समध्ये मूळ अक्षरं शाबूत असतात, नवीन अर्काइव्हमध्ये ती नीट दिसतील.

प्रश्न: मग सरळ गूगल ग्रुप्स का नाही? फुकट आहे, सगळ्यांना माहीत आहे.

चालतं की, छोट्या ग्रुपला अगदी छान चालतं. गूगल अकाउंट नसलं तरी मेल पाठवून सबस्क्राइब होता येतं, आणि मालकाला टेकआउटमधून (गूगलची डेटा उतरवून घ्यायची सोय) मेलही काढून घेता येतात. माझी अडचण पत्त्याची आहे. फुकटच्या ग्रुपचा पत्ता गूगलच्या डोमेनवर असतो, उद्या तिथून निघायचं ठरलं तर तो तिथेच राहतो. मग प्रत्येक रीडमी, प्रत्येक जुनं ट्युटोरियल, प्रत्येक मेंबरचं ॲड्रेस बुक, सगळीकडे चुकीचा पत्ता. शिवाय चीनमध्ये गूगल बंद आहे, तिथून पॅच (कोडमधले बदल) पाठवणारे लोक असतील तर त्यांना वेबवरचं अर्काइव्ह उघडणारच नाही.

लिनक्स कर्नलची लिस्ट बघा. कितीतरी वर्षं ती मेजरडोमो नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालायची, २०२३ च्या शेवटी ती एमएलएमएमजे या दुसऱ्या लिस्ट सॉफ्टवेअरवर हलवली, व्यवस्था लिनक्स फाउंडेशनच्या इन्फ्रा टीमने बघितली. मागचं सगळं बदललं पण पत्ता तोच, व्हीगर डॉट कर्नल डॉट ऑर्ग. कोणाला नवीन पत्ता शिकायला लागला नाही. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, होस्ट कुठलाही घ्या पण डोमेन प्रोजेक्टचं स्वतःचं हवं, वर्षाला हजार-दीड हजार रुपये पडतात, आणि ते एकाच माणसाच्या नावावर, त्याच्याच कार्डावर ठेवू नका, रिन्यूअलचं लॉगिन निदान दोघांकडे असू दे.

प्रश्न: आमच्यात दोघंतिघं सिस्टिम ॲडमिन आहेत. महिन्याला पाचशे रुपयांच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) मेलमन ३ आम्हीच चालवलं तर?

बसवायला जमेल. कोअर (मेल पोचवणारा), पोस्टोरियस (सेटिंगची वेब पानं) आणि हायपरकिटी (अर्काइव्ह) असे तीन भाग आहेत, जुनी लिस्ट आणि जुनं अर्काइव्ह इम्पोर्ट करायची सोय आहे, एखाद्या वीकएंडला होईल. मेलमन २ मात्र नव्याने बसवू नका, ते पायथन २ वर चालतं आणि पायथन २ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपलाय.

खरं काम नंतर सुरू होतं. बऱ्याच क्लाउड कंपन्या पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल पाठवतात तो मार्ग) आधीपासूनच बंद ठेवतात, अर्ज करून उघडून घ्यावा लागतो. स्वस्त व्हीपीएसचा आयपी तुमच्या आधी कोणी स्पॅमसाठी वापरलेला असू शकतो. रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद), एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) हे सगळं बरोबर पाहिजे, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत. दिवसाला ५,००० च्या आसपास मेल जीमेलवर पाठवणारा म्हणजे बल्क सेंडर (घाऊक मेल पाठवणारा), आणि एकदा तो शिक्का बसला की जीमेल तो काढत नाही. तुम्हाला वाटेल आपण कुठे एवढे मोठे, पण हिशोब करा, आठशे मेंबरांत चारशे जीमेलवाले धरले आणि दिवसाला १३ मेल लिस्टवर आले की झाले ५,२००. रिलीजच्या आठवड्यात १३ मेल काहीच नाहीत.

तेव्हा दोघंतिघं आहेत म्हणजे नक्की काय ते आधी विचारा. मेल जाईनासे झाले तर रात्री लॉग कोण बघणार, आणि तो नोकरी बदलून बंगळूरला गेला तर त्याच्या जागी कोण? नावं घेऊन उत्तर मिळालं तर बिनधास्त चालवा. नाही मिळालं तर चालवायला दिलेलं बरं. अमेरिकेतली ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीची ओपन सोर्स लॅब ओपन सोर्स प्रोजेक्टना होस्टिंग देते, त्यांना लिहून बघा. पैसे देऊन घ्यायचं तर ग्रुप्स डॉट आयओ आहे, ते मार्क फ्लेचरने काढलंय, याहू ग्रुप्स ज्यातून आलं त्या वनलिस्टचाही तोच संस्थापक, आणि लिनक्स फाउंडेशनचे बरेच प्रोजेक्ट तिथे आहेत. फक्त स्वतःचं डोमेन कुठल्या प्लॅनमध्ये लावता येतं ते आधी लेखी विचारून घ्या. सोर्सहट (कोड आणि लिस्ट ठेवायची साइट) पॅच पाठवणाऱ्या लिस्टसाठी चांगलं आहे पण एचटीएमएल मेल घेतच नाही, त्यामुळे मोबाइलवरून जीमेल वापरणाऱ्या नवीन पोरांचे मेल परत जातात. डेव्हलपर लिस्ट असेल तर चालेल, युजर लिस्ट तिथे नेऊ नका.

प्रश्न: आमच्या लिस्टवर अधूनमधून एकदम तीस-चाळीस जीमेलवाल्यांचं सबस्क्रिप्शन आपोआप बंद पडतं. ते म्हणतात आम्ही काहीच केलं नाही. होस्ट बदलला तर हे थांबेल का?

ते खरं बोलतायत, त्यांनी काहीच केलेलं नाही. हा डीमार्कचा प्रकार आहे, म्हणजे पडताळणीत न बसलेल्या मेलचं काय करायचं ते डोमेनचा मालक सांगतो तो नियम. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी जाहीर केलं की आमच्या नावाने आलेला मेल पडताळणीत बसला नाही तर सरळ नाकारा. आता याहूवाला मेंबर लिस्टवर लिहितो, लिस्ट त्या मेलच्या विषयात कंसात लिस्टचं नाव टाकते, खाली फूटर जोडते. मजकूर बदलला की मूळ डीकेआयएम सही मोडते, आणि मेल लिस्टच्या सर्व्हरवरून निघाल्यामुळे एसपीएफही याहूच्या डोमेनशी जुळत नाही. जीमेल तो मेल नाकारतं. लिस्टला वाटतं जीमेलचे पत्तेच मेलेत, ती त्यांचे बाउन्स (परत आलेले मेल) मोजत जाते आणि मर्यादा गाठली की त्यांचे मेल बंद. लिहिणारा एक, शिक्षा चाळीस जणांना.

उपाय दोन आहेत. पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता घालायचा, मेलमनमध्ये तशी सेटिंग आहे, पण पॅचच्या लिस्टवर त्याने लेखकाचं नाव बिघडतं आणि कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) लिस्टचंच नाव जाऊन बसू शकतं. दुसरा उपाय मला जास्त पटतो, मेलला हातच लावायचा नाही. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांनी २०१७ मध्ये पीजीलिस्टर हे स्वतःचं लिस्ट सॉफ्टवेअर लिहून लिस्ट त्यावर नेल्या तेव्हा विषयातलं लिस्टचं नाव आणि खालचा फूटर दोन्ही काढून टाकले, सही शाबूत राहते. सुरुवातीला लोक कुरकुरतात की फिल्टर चालत नाहीत, त्यांना सांगा फिल्टर लिस्ट-आयडी हेडरवर (मेलच्या वरच्या, लिस्टचं नाव सांगणाऱ्या नोंदीवर) लावा. नवीन होस्टला हाच प्रश्न विचारा, फूटर आणि प्रीफिक्स (विषयातलं लिस्टचं नाव) पूर्ण बंद करता येतात का. नुसतं ‘आम्ही डीमार्क सांभाळतो’ एवढंच उत्तर आलं तर कसं सांभाळता ते विचारा.

प्रश्न: लिस्ट सोडून डिस्कोर्सवर (वेबवरच्या चर्चेच्या फोरमवर) गेलो तर?

ग्नोम (लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारा प्रोजेक्ट) गेलं, पायथनची कोअर डेव्हलपमेंटची चर्चाही तिथेच गेली. नवीन लोकांना सोपं पडतं, मॉडरेशन बरंच चांगलं आहे. पण तुमचे पॅच मेलने येत असतील तर जाऊ नका. आणि होस्ट बदलणं आणि पद्धत बदलणं ही दोन कामं एकाच महिन्यात करू नका, काही बिघडलं तर कशामुळे तेच कळत नाही.

प्रश्न: सगळ्या मेंबरांना नवीन जागी आपणच ॲड करायचं की परत सबस्क्राइब व्हायला सांगायचं?

तुमच्याच प्रोजेक्टची तीच लिस्ट असेल तर ॲड करा, पण दोन आठवडे आधी जुन्या लिस्टवर स्पष्ट कळवा की डेटा कुठल्या कंपनीकडे, कुठल्या देशात जाणार आणि नको असेल तर कसं बाहेर पडायचं. युरोपातले मेंबर असतील तर जीडीपीआर (युरोपचा डेटा संरक्षण कायदा) लागू होऊ शकतो, आपल्याकडे २०२३ चा डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच. परत सबस्क्राइब व्हायला सांगितलं तर नुसतं वाचणारे बरेच जण गळतात, आणि जुन्या बगचं उत्तर कित्येकदा त्यांच्यातलाच कोणीतरी देतो. ज्यांचे पत्ते आधीच बाउन्स होतायत ते मात्र सोबत नेऊ नका, नवीन डोमेनचे पहिले मेल मेलेल्या पत्त्यांवर गेले तर जीमेल पहिल्याच दिवसापासून संशयाने बघतं.

आणि सगळ्यांना एकाच दिवशी हलवू नका. आधी मॉडरेटर आणि रोज लिहिणारे वीस-पंचवीस जण, मेल इनबॉक्समध्ये पडतायत की स्पॅममध्ये ते त्यांच्याकडून आठवडाभर विचारत रहा, मग बाकीचे.